कुंदाकाकूंची मधल्या वयाची वही

कुंदाकाकूंवर लिहायचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगतो आणि त्याबद्दल क्षमा मागतो. मी त्यांच्या नात्यातला नाही, त्यांचा विद्यार्थीही नाही. पुण्यातल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यांच्या वर्गात बसलेल्या कुणीही हे माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं असतं. माझ्या वाट्याला त्या आल्या फक्त बुधवारी, दोन मुक्कामांत मिळून वीसेक बुधवार. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, लिहायला बसलो की अजून हात कचरतो... पण त्यांनी मला एक गोष्ट विचारली होती आणि मी ती वेळेवर सांगितली नाही. म्हणून लिहितो आहे.

मी जर्मनीत एर्लांगेनला मास्टर्ससाठी आलो त्या वर्षी इथल्या मराठी ग्रुपवर मंदारदादांचा मेसेज आला, मुलाला गणित शिकवायला कुणी हवं आहे, मराठीतून शिकवलं तर उत्तम. मुलगा निहार, अकरा वर्षांचा, मराठी सगळं समजायचं पण उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. दार उघडलं ते काकूंनी. मंदारदादांच्या त्या आई. इथे चौथीनंतर मुलांना दुपारी सांभाळणारी सोय संपते, शाळा एक वाजता सुटते आणि आईवडील सहाला घरी येतात. त्या मधल्या पाच तासांसाठी काकू तीन महिन्यांच्या व्हिसावर यायच्या, परत जायच्या, पुन्हा यायच्या. निहारनं एकदा सांगितलं की त्याच्यासारख्या मुलांना इथे ‘ल्यूकेकिंडर’ म्हणतात, म्हणजे फटीतली मुलं. पाळणाघरासाठी मोठी आणि तरुणांच्या क्लबासाठी लहान. काकू खूश झाल्या. “म्हणजे मी फट बुजवायला आले होय इतक्या लांब!” म्हणाल्या आणि उठून एक शंभरपानी वही घेऊन आल्या.

त्या वहीत त्या फक्त या एकाच वयाचे शब्द लिहीत. दहा ते तेरा, बस. अडनिडा, पोरसवदा, थोराड, उफाड्याची, शिंगं फुटलेला, मिसरूड फुटायला आलेला... घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, तुमच्याकडे काय म्हणतात? शब्दापुढे तो सांगणाऱ्याचं गाव आणि तो शब्द घरात कोण कुणाला म्हणायचं, हेही लिहायच्या. “या वयात मूल स्वतःबद्दल काही सांगत नाही रे. लोक त्याला काय म्हणतात त्यावरूनच कळतं, त्याचं घरात काय चाललंय ते,” असं त्यांनी मला एकदा पोळ्या लाटताना सांगितलं होतं. एका बुधवारी निहार सोफ्यावर पाय पसरून पडला होता, तर त्या म्हणाल्या, “ऊठ टोणग्या, दादा आलाय.”

“टोणगा म्हणजे?”

“म्हशीचा मुलगा.”

निहारनं थोडा विचार केला. “आल्झो... म्हणजे मग ममा म्हैस?”

“हळू बोल, मेल्या! सहाची बस आली असेल तिची.”

दोघंही हसत सुटली. असं हसणं मी त्या आठवड्यात दुसरीकडे कुठेच ऐकलं नव्हतं. माझ्या खोलीत बोलणारं कुणी नव्हतं, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भेटणारी मुलं ‘हॅलो’ म्हणून आपापल्या खोलीत जायची.

मग एक दिवस पाळी माझ्यावर आली. “तुझ्या गावाकडे काय म्हणतात? मुलींना काय म्हणतात?” मी म्हणालो, “किशोरवयीन.” काकू हसल्या. “हे फॉर्मवरचं झालं. आई काय म्हणायची?” मी म्हणालो, “काही नाही, काकू. आमच्याकडे असा शब्दच नाही.” शिक्षिकेसमोर आपल्या घरातला शब्द काढायचा नाही, पुस्तकातला द्यायचा, ही सवय मला पहिलीपासूनची. पण ते एकच कारण नव्हतं. शब्द होता. माझी ताई तेरा वर्षांची असताना आईनं ओसरीवर शेजारणीला हलक्या आवाजात सांगितला होता, “पोरीला पदर आला.” त्यानंतर ताई शाळेत गेली नाही. तिचं दप्तर मला मिळालं. मी पहिलीत होतो, मला त्या दप्तराचा फार आनंद झाला होता. औशाकडच्या एका गावातून एर्लांगेनपर्यंत मी ज्या रस्त्यानं आलो, त्याची सुरुवात तिथे आहे, आणि हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. काकूंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. आठवलं की सांग.” शेवटच्या बुधवारी दारातही त्यांनी इतकंच म्हटलं, “पुढच्या खेपेला निहारला तेरावं लागेल, मग ही वही बंद. तोवर आठवून ठेव.”

त्या पुण्याला गेल्यावर महिनाभरानं मंदारदादांनी कळवलं की सगळे घाईनं भारतात जात आहेत, काही आठवडे शिकवणी नको. मी का म्हणून विचारलं नाही. आपण कोण विचारणारे, असं वाटलं. बुधवारची दुपार मोकळी झाली. मी त्या वेळी त्यांच्या घराच्या दिशेची बस यायची त्या थांब्याजवळून सायकल घेऊन उगाच जायचो.

मग एका रविवारी, इथली दुकानं बंद, रस्ते रिकामे, ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिची मुलगी आता बारा वर्षांची. ताई म्हणाली, “आई म्हणतीया, पोरीला पदर आला, आता बास. मी म्हणलं, सोमवारी शाळेत जाईल ती. सायकल घेतलीया तिला.” “रडतूस का रं?” म्हणाली आणि हसली. कॉल संपल्यावर मी लगेच काकूंना आवाजी मेसेज पाठवला. चार मिनिटांचा. शब्द, गाव, कोण कुणाला म्हणालं, दप्तर, सगळं. खोटं बोललो होतो, तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. पण काकूंनी ऐकलं, या विचारानं मी पुढचे दहा-बारा दिवस अगदी हलका होऊन फिरलो. रागावल्या असतील, असंही मधे वाटलं. मग वाटायचं, भेटतील तेव्हा बोलतील.

भारतातून परत आल्यावर मंदारदादांचा फोन आला. “निहारला तुला काहीतरी विचारायचंय. तुझी ताई पुन्हा शाळेत गेली का? तुझा तो मेसेज त्यानं ऐकलाय, तीन-चार वेळा.”

“निहारनं? पण तो तर मी काकूंना...”

मंदारदादा म्हणाले, “आईचा फोन आता त्याच्याकडेच असतो. माफ कर, तुला कळवायचं राहूनच गेलं. आई गेली रे. तू मेसेज पाठवलास त्याच्या आठ दिवस आधी.”