भाषेच्या रकान्यात रोमानियन

आडनावावरून जात काढणाऱ्यांची मला लहानपणापासून चीड आहे. नॉटिंगहॅमला आले तरी ती माणसं सुटली नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमात चहाचा कप हातात देता देता ‘मूळचं आडनाव काय हो?’ विचारतातच. म्हणून सांगते, पुढची चूक दुसऱ्या कुणी केली असती, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मी हॉस्पिटलमध्ये वॉर्ड क्लार्क आहे. गेल्या हिवाळ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. रक्तपुरवठा बंद होऊन त्यांचा पाय काळा पडत चालला होता. लगेच ऑपरेशन झालं तर पाय वाचणार होता, पण त्यासाठी त्यांची सही हवी होती, आणि स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्रजी पार गेलं होतं. दुभाष्या बुक करायचं काम माझं. रेकॉर्डवर जन्मदेश होता रोमानिया. मी भाषेच्या रकान्यात रोमानियन टाकलं आणि चहाला गेले. त्यांना एकदा विचारावं, एवढंही मला सुचलं नाही.

फोनच्या स्पीकरवर दुभाष्याचा आवाज आला, अगदी सौम्य. म्हाताऱ्यांनी समोरच्या फॉर्मकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दुपारी पुन्हा फोन लावला, पुन्हा तेच. डॉक्टरांनी नोंद केली: रुग्णाचा नकार.

मुलीचा नंबर जुना निघाला. ती सापडून एडिनबराहून येईपर्यंत तीन दिवस गेले. ती बापाशी हंगेरियनमध्ये बोलली, आणि त्यांनी दोन मिनिटांत सही केली. तोवर उशीर झाला होता. पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

मुलीनं मला कॉरिडॉरमध्ये सगळं सांगितलं. त्यांचा मुलूख रोमानियातला, पण वस्ती मुख्यतः हंगेरियन. कम्युनिस्टांनी आधी त्याला स्वायत्त प्रांत केलं, शाळा-कचेऱ्यांत हंगेरियन चालू दिली. काही वर्षांनी सीमा हलवल्या: हंगेरियन वस्तीचा भाग तोडला, रोमानियन वस्तीचा जोडला, नाव बदललं. शेवटी प्रांतच काढून टाकला. तिचे वडील तिथे शिक्षक. ते याविरुद्ध बोलले, तेव्हा एका अधिकाऱ्यानं बोलावून रोमानियनमध्ये लिहिलेला कागद पुढे ठेवला. त्याचाही आवाज सौम्यच होता म्हणे. घाबरून यांनी सही केली. त्या सहीनं त्यांचे दोन सहकारी तुरुंगात गेले.

घरी नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, “अगं, सिस्टिमच तशी आहे. तू कशाला गिल्टी फील करतेस?” मला त्याचाही संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला म्हटलं, “दुभाष्याचा तो फॉर्म मी भरला होता. त्यांना न विचारता.”

तिनं चिडायला हवं होतं. ती नुसती दमलेली दिसत होती.

“तुम्ही वाईट नाही हो,” ती म्हणाली. “बाबा सांगतात, तिकडे ते कागद लिहिणारे कारकूनसुद्धा चांगलेच होते.”