पिंपळगावकरांची ढाल

नांदेड स्टेशनात गाडी सुटता सुटता बाबांनी खिडकीतून एक लॅमिनेट केलेला कागद माझ्या हातात कोंबला. गॅझेटचं पान. आमचं आडनाव बदलल्याची त्यात दोन ओळींची नोंद. "पासपोर्टासारखं जप," म्हणाले. मी तो बॅगेच्या तळाशी टाकला. इंग्लंडला निघालेल्या पोरीला त्याचं कसलं कवतिक!

त्या दोन ओळींपायी बाबांचा उजवा हात मोडला होता. हदगावकडच्या आमच्या गावात आम्हाला आडनाव असं नव्हतंच, होती ती शिवी. बाबा मास्तर झाले आणि त्यांनी गावाचंच नाव लावलं, पिंपळगावकर. गढीवरची माणसं दारात आली. "गाव तुझ्या बापाचं हाय का रे?" म्हणत आधी नावाची पाटी फोडली, मग हात. बाबांनी डाव्या हातानं नवी पाटी रंगवली आणि ती घेऊनच आम्ही नांदेडला आलो.

इकडं मी ॲशबींची सून झाले. ॲशबी म्हणजे ॲश झाडाचं गाव, हे सासऱ्यांनी पहिल्याच जेवणात सांगितलं. मला हसूच आलं. अगं बाई, हे तर इंग्लंडातले पिंपळगावकर! फक्त यांच्या नावाला ढाल होती. हॉलमध्ये टांगलेली, निळ्यावर चांदीचा सिंह. "तुमच्या घराण्याचं चिन्ह काय? लग्नाची भेट म्हणून तेही रंगवून घेतो," म्हातारा मायेनं म्हणाला.

खरं सांगायला काय झालं होतं? त्यानं ऐकून घेतलं असतं. पण मेली लाज आडवी आली. "ते गाव आमचंच होतं," मी म्हणाले. "चिन्ह घोडा आणि तलवार." डोळ्यांसमोर गढीची, घोडा-तलवार कोरलेली कमान होती. लहानपणी तिच्यासमोरून जाताना, दादा, तू आणि मी चपला हातात घ्यायचो.

ढाल लई देखणी झाली. नवऱ्यानं हौसेनं फोटो नांदेडला पाठवला. बाबांचा फोन आला. "रंग चांगला हाय," म्हणाले. आणि मग, "घोडा बी वळखला मी." फोन ठेवताना ते कायम जयभीम म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत. पुढं मीच फोन करायची, आई म्हणायची, झोपलेत. तीन वर्षं तेच ऐकलं. मग बाबा गेले.

मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दादा, तू पाणीसुद्धा विचारलं नाहीस. दारावर डाव्या हाताची तीच वाकडी अक्षरं होती. "ही पाटी मला दे," मी म्हणाले. तू म्हणालास, "तुझ्याकडं हाय की. घोड्याची."

म्हणून हे तुला लिहून राहिले. माझं घर म्हणजे आता बॅगेच्या तळाशी पडलेला तो कागद. भिंतीवर लावायची छाती नाही, कारण मग ढाल उतरवावी लागेल. आणि ढालीवर माझ्या लेकीचा फार जीव. काल शाळेत तिनं ढालीचं चित्र काढून बक्षीस आणलं.

"आई, आजोबांच्या तलवारीनं कुणाला मारलं होतं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "एका मास्तरला."