सव्वातीन इंच

माझा धंदाच संशयाचा. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी तपासनीस होतो. लेथवरून उतरलेला प्रत्येक पार्ट माझ्या टेबलावर यायचा आणि तो चुकलेलाच आहे असं धरून मी व्हर्नियर लावून त्याचं माप तपासायचो. घरीही तेच. दूधवाला, पोस्टमन, देवळातला पुजारी, सगळीकडे मला पाणी मुरताना दिसायचं. आई म्हणायची, "मेल्या, लग्नात अक्षतासुद्धा निवडून घेशील तू." घेतल्या असत्या. अक्षतांत खडे असतात.

त्याच वर्कशॉपमध्ये माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, लेथवर होते. मूळचे मालवणकडचे. बारा वर्षं गिरणीत काढली आणि संपात गिरणी गेली. आमच्याकडे लागले ते टेंपरवारी. दर काही महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा मालकाच्या दारात उभं राहायचं. माणूस अबोल झाला होता. ताई मला बाजूला घेऊन म्हणायची, "हे बोलतच नाहीत रे माझ्याशी. जेवतात आणि भिंतीकडे बघत बसतात."

त्यांना बोलतं केलं ते डार्टनं, गोल बोर्डावर छोटे बाण फेकायच्या खेळानं. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्यानं डार्टचा जुना बोर्ड आणि पिवळी पडलेली इंग्रजी नियमांची पुस्तिका आणली होती. जेवणाच्या सुट्टीत खेळायला म्हणून बोर्ड आम्ही वर्कशॉपच्या भिंतीवर लावला. इंग्रजी वाचणारा मी एकटा. पुस्तिकेत लिहिलं होतं, फेकणाऱ्यानं बोर्डापासून साडेसात फुटांवर उभं राहावं. मी स्टीलची टेप लावून तीनदा मापलं आणि जमिनीवर पिवळ्या रंगानं रेघ मारली. अर्धं सूतही फरक नव्हता.

भावोजींचा हात म्हणजे झकास! पाचशे एकपासून खाली उतरत शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण कडेच्या बारीक पट्टीत, डबलमध्ये, लागला पाहिजे, असा तो खेळ. तिथं भले भले घाम पुसायचे. भावोजी मात्र बाण सोडायचे आणि बोर्डाकडे न बघताच डबा उघडायला वळायचे. घरी जाताना गुणगुणायला लागले. ताई तर म्हणाली, त्या बोर्डाला हार घाल माझ्याकडून.

शेजारी बोटीवरून परदेशी वर्तमानपत्रं आणायचा, त्यातून आम्हाला देशादेशांच्या कपाची बातमी लागली. दर दोन वर्षांनी भरतो, प्रत्येक देशाचे चौघं. कात्रणं मी वहीत चिकटवायचो. पहिला कप वेल्सनं उचलला आणि पुढं दर खेपेला इंग्लंडनं. मी भावोजींना म्हटलं, "यात काहीतरी गडबड आहे. खेळ त्यांचा, नियम त्यांचे, कपही त्यांचाच?" ते हसून म्हणाले, "अरे, ते लोक लहानपणापासून फेकतत. तू आपलो गप रव."

एकदा आमच्याकडून पार्ट घेणाऱ्या अंधेरीच्या मोठ्या कंपनीतले एक साहेब माल बघायला आले. ते त्यांच्या कंपनीच्या क्लबचे सेक्रेटरीही होते. भावोजींचे तीन बाण बघून माल बघायचं विसरले. कपासाठी देशाचा संघ निवडायचा होता आणि त्याच्या शिबिराला मुंबईतून चौघं जायचे होते. आठ जणांचे चार सामने, जिंकेल तो जाईल. आणि जो जाईल त्याला अंधेरीची ती कंपनी खेळाडूंच्या कोट्यातून कायम नोकरीत घेईल, साहेब म्हणाले.

कायम! ताईनं तो शब्द दिवसातून दहादा उच्चारला. मला मात्र पटेना. एवढी मोठी कंपनी, आपल्या माणसाला उगाच कशाला बोलावेल?

सामन्याच्या दिवशी बस मरोळला बंद पडली. क्लबहाउसवर पोहोचलो तोवर भावोजींचं नाव पुकारून झालं होतं, सरावाचे बाणसुद्धा टाकायला मिळाले नाहीत. समोरचा खेळाडू त्याच कंपनीतला, इस्त्रीच्या शर्टातला. माझ्या डोक्यात लगेच घंटी वाजली.

तीन डावांचा सामना. पहिल्या डावात भावोजींचे बाण खाली पडायला लागले. वर्कशॉपमध्ये डोळे मिटून मारणारा माणूस इथं बोटभर खाली मारतोय! डाव गेला. मी त्यांच्या हाताकडे बघणं सोडून जमिनीकडे बघायला लागलो. ती पांढरी रेघ मला लांब वाटली. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस मी, माझा डोळा चुकत नाही.

दुसरा डाव भावोजींनी घेतला. माझं तिकडे लक्षच नव्हतं. खिशातल्या टेपवर हात ठेवून मी चरफडत होतो. तिसऱ्या डावात भावोजींचे बत्तीस उरले. सोळाचं डबल, की खलास. समोरच्याचे चाळीस बाकी. भावोजींनी हात उचलला.

आणि मी ओरडलो, "थांबा! रेघ खोटी आहे!"

मी पुढं घुसलो, गुडघे टेकून टेप लावली. सात फूट सव्वानऊ इंच. "सव्वातीन इंच मागं ओढलीय! आपल्या माणसाला निवडायचं तर सरळ निवडा ना, ही लबाडी कशाला?" मी काय काय बोललो ते आज सांगायचीही लाज वाटते. सेक्रेटरीसाहेब चिडले नाहीत. आत जाऊन कपाचे छापील नियम घेऊन आले आणि माझ्यासमोर धरले. सात फूट सव्वानऊ इंच. म्हणाले, "पूर्वी कुणी साडेसात धरायचं, कुणी आठ. सगळे देश एकत्र खेळायला लागल्यावर हे मधलं माप ठरलं. झाली त्याला बरीच वर्षं."

पुस्तिका जुनी होती. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या मला त्या पिवळ्या कागदावर एकदाही संशय आला नव्हता. माप मी सुतात घेतलं होतं, पण चुकीच्या आकड्याचं.

या सगळ्यात अर्धा तास गेला. भावोजी तेवढा वेळ हातात बाण धरून उभे होते. मग त्यांनी फेकला. पहिला बोर्डाच्या तारेला लागून खाली पडला. दुसरा पट्टीबाहेर. तिसराही. समोरच्यानं विसाचं डबल मारलं. वाट लागली.

परतीच्या बसस्टॉपवर मी कसंबसं विचारलं, "रेघ लांब आहे हे तुम्हाला कळलंच नव्हतं का?"

"पहिल्याच बाणाक कळला," ते म्हणाले. "म्हणून कोपर जरा वर घेतलंय. दुसऱ्या डावात हात बसलो होतो माझो."

मला वाटत होतं त्यांनी एक कानाखाली द्यावी. दिली असती तर बरं झालं असतं.

दहिसरला ताईच्या घरी पोहोचलो. ताई दारातच उभी होती. आमची तोंडं बघून तिला कळलं. तिनं फक्त "काय झालं?" विचारलं. भावोजी चपला काढता काढता म्हणाले, "लबाडी केली त्यांनी. रेघच मागं ओढली होती. तुझ्या भावानं सगळ्यांसमोर मापून दाखवली. पण गरिबाचं ऐकतंय कोण?"

ताईनं डोळे पुसले. तिनं कायमच्या नोकरीसाठी मोठी पापलेटं आणून तळून ठेवली होती. पानं वाढली, आणि सगळ्यात मोठी तुकडी माझ्या ताटात घातली. "निदान तू तरी होतास रे यांच्याबरोबर," म्हणाली. मी भावोजींकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत जेवत होते.