खंडेनवमीच्या पाटावरची मूठ

सुनंदालाही हे ठाऊक नाही. बायको आहे माझी, इतकी वर्षं एका घरात राहतो, माझ्या घोरण्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं तिला पाठ आहे — पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असावं. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलली जात नाही.

आधी माझं वेड सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला जुनी डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरं आवडतात. हसू नका. सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या एका ऑफिसात हिशेब तपासणारा, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये राहणारा, झुरळ दिसलं की बायकोला हाक मारणारा माणूस — आणि त्याला रिव्हॉल्व्हरं! गोळी मी कधी झाडलेली नाही आणि झाडावीशीही वाटलेली नाही. मला आवडते ती आतली करामत. लहानपणी पुण्यात आमच्या शेजारी एक फौजदार राहायचे. खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा असते त्या दिवशी, ते आपलं रिव्हॉल्व्हर रिकामं करून पाटावर मांडायचे. एका वर्षी त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ओढ चाप." मी दोन्ही हातांनी ओढला. त्या एका ओढीत मागचा घोडा आपसूक वर उठला, गोळ्यांचं चक्र एक घर फिरलं, जागेवर बसलं आणि घोडा खटकन पडला. एका बोटाच्या जोरावर एवढं सगळं! हीच ती डबल ॲक्शन. बाकीची पोरं क्रिकेटकडे वळली, मी तिथेच अडकलो.

सिंगापूरमध्ये हे वेड म्हणजे पंचाईत. इथे बंदूक घरात ठेवायचा विचारसुद्धा कुणी करत नाही, आणि तेच बरं आहे. म्हणून मी गोळा केलं ते रिव्हॉल्व्हरच्या भोवतीचं. मुठीच्या लाकडी पट्ट्या, कातडी म्यानं, जुने कॅटलॉग, आतल्या यंत्राची छापील चित्रं. दर वर्षी खंडेनवमीला — म्हणजे सुट्टीच्या सोयीने जवळच्या रविवारी — ओळखीची मराठी कुटुंबं आमच्याकडे जमतात. कुणी लॅपटॉप पाटावर ठेवतं, सुनंदा सुऱ्या आणि मिक्सर ठेवते, लिटिल इंडियातून आणलेला झेंडू सगळ्यांवर पडतो. आणि मधोमध माझा संग्रह. पोरं मला रिव्हॉल्व्हर अंकल म्हणायची. ऑफिसात मला कोण ओळखतं? कुणीही नाही. पण त्या एका दिवशी त्या पाटापाशी मी कुणीतरी असायचो.

मग मकरंद आला.

पुण्याचाच, आयटीतला, माझ्याहून बराच लहान. पुंगोलला भाड्याने राहायचा, बायको शुभदा, मुलगी इरा. कुणीतरी त्याला खंडेनवमीला घेऊन आलं आणि माझा पाट बघून तो जमिनीवरच बसला. त्यालाही हेच वेड! मला दादा म्हणायला लागला. मला काय आनंद झाला असेल, सांगा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मुठीच्या लाकडावर अंगठा फिरवून बघत होतं. पहिलं वर्षभर मी त्याला शिकवत होतो. निदान माझी तशी समजूत होती.

दुसऱ्या वर्षी तो स्वयंपाकघरात माझ्या मागे आला. सगळे बाहेर श्रीखंडात गुंतले होते. हळूच म्हणाला, "दादा, एक विचारू? ती मधली मूठ लहान सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरची वाटते. तुम्ही म्हणता त्या मॉडेलला स्क्रू जरा खाली असतो." मी बाहेर येऊन कॅटलॉग काढला. त्याचंच बरोबर होतं. इतकी वर्षं मी ती मूठ ज्या रिव्हॉल्व्हरची म्हणून मिरवली, त्याची ती नव्हतीच. त्याने चारचौघांत सांगितलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. पण त्याने माझी लाज राखली — आणि तेच मला गिळता येईना. कुणी आपली लाज राखावी इतके आपण लहान झालो का?

त्याच दिवशी त्याने पोरांना डबल ॲक्शन हाताने करून दाखवली. डाव्या हाताची मूठ म्हणजे चक्र, उजवा अंगठा म्हणजे घोडा, तर्जनी म्हणजे चाप. तर्जनी मागे येते तसा अंगठा उठतो, मूठ फिरते — खट! पोरं मोबाइल टाकून भोवती बसली. माझ्या चित्रांपुढे ती कधी अशी बसली नव्हती. सुनंदा माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "किती छान सांगतो हो हा!" साधं कौतुक होतं तिचं. पण माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे थांबलंच नाही.

मग मला त्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याचा हसरा चेहरा खुपायचा, पुण्याच्या एका जुन्या बाजारात त्याला सापडलेली अक्रोडाची मूठ खुपायची. तिच्या तळाशी पट्ट्याच्या कडीने घासून पडलेली खूण होती. खरी वापरातली मूठ. तशी माझ्याकडे एकही नव्हती. त्याने ती माझ्या हातात दिली तेव्हा मी "बरी आहे" म्हणालो. बरी! तिच्यासाठी मी माझा सगळा संग्रह दिला असता.

सांगतो, मुद्द्यावर येतो. इतका वेळ का लावतोय ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

इथे आपल्या लोकांत एक पद्धत आहे. नवीन माणूस सरकारी वेबसाइट वाचत बसत नाही, आधी जुन्या माणसाला विचारतो. मुलीला शाळा कुठली, फ्लॅट कुठे, पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज कधी टाकू. मकरंद तर सगळं मला विचारायचा. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी तो माझ्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांपाशी, आला. कॉफी घेता घेता त्याने मोबाइल पुढे केला. रिव्हॉल्व्हरचं जपानी कारागिरीचं एक मॉडेल होतं. नळी बंद, गोळी जाणं शक्यच नाही, पण चाप ओढला की आतलं सगळं खऱ्यासारखं हलणार. "यंदा पाटावर मधोमध हे ठेवू, दादा. पोरांना खरी हालचाल दाखवू." आणि मग म्हणाला, "याला परवाना लागतो का हो? तुम्ही म्हणालात तर मागवतो."

मला माहीत होतं. ऐकीव नाही, पक्कं माहीत होतं. काही वर्षांपूर्वी मी स्वतः असंच एक मॉडेल मागवायच्या बेतात होतो आणि रीतसर चौकशी केली होती. खऱ्यासारखं दिसतं ना, मग चालो न चालो, आणायला परवानगी लागते, असं मला स्वच्छ सांगितलं होतं. मी घाबरून बेत सोडला होता आणि घाबरलो हे कुणाला कळू नये म्हणून गप्प बसलो होतो.

मी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणालो, "अरे, खेळणंच ते. त्याला कसला परवाना? मागव बिनधास्त."

झालं. एवढंच आहे ते.

नाही, एवढंच नाही. पार्सल निघायला वेळ लागला. त्या सगळ्या दिवसांत मी फोन करू शकलो असतो. "अरे, एकदा बघून घे" — इतकं म्हणायला काय लागतं? तो मला मेसेज करायचा. दादा, पॅक झालं. दादा, निघालं. दादा, आज-उद्यात पोचेल. मी प्रत्येक मेसेजला अंगठा पाठवायचो. मला वाटलं होतं, पार्सल अडेल, जप्त होईल आणि त्याचं जरा हसं होईल. हसं झालेलं मला हवं होतं. त्यापलीकडचा विचार मी केला नाही, कारण करायचा नव्हता.

पार्सल अडलं. त्याला चौकशीला बोलावलं. अधिकारी पुंगोलच्या घरी येऊन गेले. सभ्यपणे वागले म्हणे, पण कपाटं उघडून बघितली, इराच्या खेळण्यांचं खोकंसुद्धा. शेवटी कडक ताकीद देऊन सोडलं. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या पीआरच्या अर्जाला नकार आला. त्या नकाराचा पार्सलशी संबंध होता का? कारण कुणी सांगत नाही. शुभदाने मात्र अधिकारी घरी येऊन गेले त्या दिवसापासूनच इथे मन लावणं सोडलं होतं. दारावर बेल वाजली की ती दचकायची. वर्षभराच्या आत त्यांनी पुण्याला परतायचं ठरवलं.

निरोप घ्यायला तिघंही आमच्याकडे आले. सुनंदाने विषय काढलाच, "पण तुम्ही कुणाला विचारलं नव्हतं का हो आधी?" मकरंद माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाही वहिनी, माझाच गाढवपणा." इरा मध्येच तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत बोलली, "आंटी, पप्पा डिडन्ट नो लाह. ही ऑल्सो क्राइड." शुभदा तिला घेऊन गॅलरीत गेली.

खाली लिफ्टपाशी तो माझ्याशी एकटा बोलला. म्हणाला, "चौकशीतही विचारलं होतं, कुणी सल्ला दिला का म्हणून. मी नाही सांगितलं. तुम्हाला कशाला त्रास? आणि मनाला लावून घेऊ नका, दादा. तुम्हाला तरी कुठे माहीत असणार!"

आता जे सांगतो ते मला सगळ्यांत जड जातंय. ते ऐकून मला आधी लाज वाटली नाही. राग आला. मला माहीत नसणार? मला? या विषयातलं याला कळतं आणि मला कळत नाही? एक क्षण खरं माझ्या ओठांवर आलं होतं — पण पश्चात्तापाने नाही, तोऱ्याने. मला ठाऊक होतं रे, तुझ्या आधीपासून ठाऊक होतं! मग मी ते गिळलं आणि म्हणालो, "हो ना रे. कुणाला ठाऊक असतं हे सगळं." लिफ्ट आली. त्याने वाकून नमस्कार केला आणि मी तो घेतला.

जाताना तो एक पिशवी ठेवून गेला होता. त्याचे कॅटलॉग, त्याची चित्रं आणि ती अक्रोडाची मूठ. "आता हात लावावासाच वाटत नाही," म्हणाला. त्याचा देश बदलला, नोकरी बदलली, ते सगळं तो निभावून नेईल असं मी स्वतःला सांगत आलो. पण फौजदारांच्या पाटापाशी मला जे मिळालं होतं, ते त्याच्यापाशीही होतं, आणि ते मी घेतलं. ते परत कसं देतात?

आणि मी काय केलं? पुढच्या खंडेनवमीला त्याची मूठ पाटावर मधोमध ठेवली. नव्याने आलेल्या एका जोडप्याने विचारलं, ही कुठे मिळाली? मी म्हणालो, फार शोधावी लागली. मग पोरांना जवळ बोलावलं. डाव्या हाताची मूठ म्हणजे चक्र, उजवा अंगठा म्हणजे घोडा. पोरं मोबाइल टाकून भोवती बसली. सुनंदा म्हणाली, "हल्ली तुम्हीही छान सांगायला लागलात."

दर वर्षी पाट मांडला की त्याचा पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो. तो मध्येच कधीतरी म्हणतो, "पाट दाखवा ना, दादा." मी फोन फिरवतो. मागच्या वर्षी त्याने ती मूठ नीट बघून घेतली आणि म्हणाला, "तेल लावता वाटतं तिला? चकाकतेय. बरं झालं तुमच्याकडे आहे." त्याचा आवाज तसाच मोकळा होता. आणि खरं सांगू? तेव्हाही माझ्या मनात आलं ते हेच, की माझ्या साऱ्या संग्रहात हिच्या तोडीचं काही नाही आणि ही याला सापडली, मला नाही. "अरे, त्यात काय," मी म्हणालो आणि फोन सुनंदाकडे दिला.

खंडेनवमी आता जवळ आली आहे. झेंडू सांगून ठेवलाय. मूठ काल पुसून घेतली. यंदाही मधोमध तीच ठेवणार आहे.