पाय दाखव!

१२ डिसेंबर. कोंबडीचा डावा पाय मिठाच्या कोमट पाण्यात धरून बसले आहे. कोंबडी माझी नव्हे, खालच्या मालूताईंची. मालूताईंना जाऊन महिना झाला आणि मला त्यांचा राग अजून तेवढाच येतो.

मालूताई कोलकात्यातच जन्मल्या, इथल्याच शाळेत त्यांनी भूगोल शिकवला, आणि डमडमच्या या घरात तळमजल्यावर एकट्या राहिल्या. बँकेच्या बदलीमुळे आम्ही वरच्या मजल्यावर आलो, त्या दिवशी त्या फाटकाशी उभ्या होत्या. सामान चढवणारा एक हमाल जरा लंगडत होता. आमच्याकडे न बघता त्या त्याला बंगालीत म्हणाल्या, "बस इथे. पाय दाखव." त्याच्या टाचेतली काच चिमट्याने काढली आणि मगच माझ्याकडे वळल्या. "तू वरची ना? चहा टाक. बिनसाखरेचा. मला डायबेटिस आहे."

गल्लीत कुणी लंगडताना दिसलं की हुकूम ठरलेला: "पाय दाखव!" दूधवाला, शाळकरी मुलं, एकदा तर मतं मागायला आलेला उमेदवारसुद्धा त्यांच्या पायरीवर बूट काढून बसला होता.

मग त्यांची कोंबडीच लंगडायला लागली. तिचं नाव बुडी, म्हणजे बंगालीत म्हातारी. तिच्याशी त्या बंगालीतच बोलत. "ती इथली. तिला मराठीचा जाच कशाला?" पावसाळा संपता संपता बुडी डावा पाय उचलून धरू लागली. जखम नाही, सूज नाही, हाड मोडलेलं नाही. आम्ही तिला बाजाराच्या पिशवीत घालून ऑटोने जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने पाय दाबून, ताणून पाहिला.

"माशीमा, काही सापडत नाही. वय झालंय. हिचा झोल-रस्सा करा."

"वय तुमचंही झालंय," मालूताई म्हणाल्या. "तुमचा करू?"

घरी आल्यावर त्यांनी खुराड्यातली दांडी खाली आणली, पेंढा अंथरला आणि रोज सकाळी बुडीचा पाय शेकायला सुरुवात केली. तळवा उजेडात धरून नखापर्यंत निरखायच्या. हे सगळं करताना स्वतःच्या पायात जाड मोजे. त्या उकाड्यात!

"मोजे कशाला?"

"डास गं. डेंग्यू आहे सगळीकडे."

पुढे अंगणात वास यायला लागला. मी म्हटलं, "मालूताई, खुराडं धुवा. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतोय."

"हो गं, धुते." आणि खरंच धुतलं. माझ्या डोळ्यांदेखत, बादल्यांवर बादल्या ओतून. वास गेला नाही.

तो कोंबडीचा नव्हताच. ताप चढून त्या पायरीवर कोसळल्या, तेव्हा हॉस्पिटलात नर्सने मोजे कापून काढले. उजवा तळवा काळा पडला होता. डायबेटिसमुळे दुखत नव्हतं म्हणे. दुखत नसेल, दिसत तर होतं! दिसत होतं म्हणून तर मोजे.

मी विचारलं, का?

"पुतण्याला कळलं असतं तर त्याने पुण्याला नेऊन बाल्कनीत बसवलं असतं. मला माझ्याच घरात राहायचं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ओरड की आता."

"बऱ्या व्हा. मग ओरडते."

पाय कापला. त्याच आठवड्यात त्या गेल्या. माझं ओरडायचं राहिलं.

बुडी अजून लंगडते. कारण कुणालाच सापडलेलं नाही. लोक म्हणतात, किती मायाळू बाई, स्वतःकडे कधी बघितलंच नाही. मला ऐकवत नाही. बघितलं होतं की! बघून झाकून ठेवलं. अख्ख्या गल्लीला पायरीवर बसवणाऱ्या बाईने स्वतः एकदा तिथे बसायला काय हरकत होती? घर सोडायचं नव्हतं म्हणे. त्या घराला आता पुतण्याचं कुलूप आहे.

१३ डिसेंबर. सकाळी बुडीचा पाय शेकून वर आले. हे पेपर वाचत बसले होते, पायात मोजे. ह्यांनाही डायबेटिस आहे.

"पाय दाखवा."

"अगं, थंडी आहे. आधी चहा तरी..."

"पाय दाखवा!"

आवाज असा चढला की खाली बुडी कलकलली. मोजे मीच ओढून काढले. दोन्ही तळवे खिडकीच्या उजेडात धरले, टाचा दाबल्या, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. काही नव्हतं.

मग चहा टाकला.