बाराला संपणारे इंग्रजी सिनेमे

नांदेडला कॉलेजात असताना मी आणि माझा मित्र दर रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे बघायचो. हॉलिवूडचे, काळेपांढरे, आमच्या जन्माआधीचे. थिएटरवाल्याला ते स्वस्तात मिळायचे. बाराला हिंदी खेळ लागायचा आणि त्याची गर्दी जरासुद्धा थांबायला तयार नसायची, म्हणून ऑपरेटर इंग्रजीचं शेवटचं रीळ लावायचाच नाही. खाडकन दिवे लागायचे. बोंब कोण मारणार? संवाद कुणाला कळत होते? आम्हाला मात्र वाटायचं, असं मध्येच संपणं हीच त्या लोकांची कला. मित्र तर चहाच्या गाड्यावर त्यावर व्याख्यानं झोडायचा. "आपल्या पिच्चरमधी समदं घास भरवल्यागत सांगतेत. त्ये लोक बघणाऱ्यावर सोडतेत." मीही मान डोलवायचो. दोघंही अस्सल गाढव.

पुढे तो लातुरात वडिलांची डाळमिल बघू लागला. मीही नोकरीनं तिथंच आलो. रिटायर झाल्यावर घरात टीव्हीला इंटरनेट जोडलं, तेव्हा कुठे आमच्या त्या कलेचं बिंग फुटलं. एकेक सिनेमा पुन्हा काढून बघितला. खुनी सापडत होते, नवराबायको समेट करत होते, आणि आम्ही पोट धरून हसत होतो.

एकच सिनेमा त्यानं कधी लावू दिला नाही. त्यात एका गिरणीवाल्याची पोरगी पियानो वाजवणाऱ्याबरोबर पळून जाते. काही वर्षांनी बर्फातून चालत येऊन बापाचं दार ठोठावते. बाप आत कंदील घेऊन उभा. नेमके तेव्हाच नांदेडचे दिवे लागले होते. तो दार उघडतो की नाही, यावर आम्ही जन्मभर वाद घातला. मी म्हणायचो, उघडतो. तो म्हणायचा, "न्हाई उघडत. उघडलं तर बाप कसला?"

हा वाद गमतीचाच होता, पण मग त्याच्या एकुलत्या एक मुलीनं जातीबाहेर लग्न केलं. समजूत घालायला गेलो तर म्हणाला, "त्यो कंदीलवाला म्हातारा आठवतो का? तसं ऱ्हावं लागतंय." हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी, मला कळेना. अर्धामुर्धा सिनेमा बघून माणूस स्वतःची पोरगी टाकतो!

गेल्या उन्हाळ्यात ती लातूरला आली, एका दिवसापुरती, तिच्या लहान लेकीला घेऊन. उतरली माझ्याकडे. नवऱ्याची बदली पार आसामात झाली होती. जाण्याआधी एकदा अप्पांना बघायचंय, एवढंच म्हणाली. "काका, तुम्ही बोला की. तुमचं ऐकतात ते." माझं तो कधीच ऐकत नव्हता. म्हणून दुपारी त्याच्या घरी गेलो आणि न विचारता तोच सिनेमा लावला.

तो उठून गेला नाही, याचंच मला नवल वाटलं. शेवट आला. म्हातारा कंदील खाली ठेवतो, दार उघडतो, पोरीच्या केसांवरचा बर्फ हातानं झाडतो आणि दोघं तिथंच उभ्यानं रडतात. मीही रडलो, लपवलं नाही. तो नुसता बघत राहिला.

"खोटं हाय," तो म्हणाला. "हे मागून जोडलंय. लोकांना बरं वाटावं म्हणून."

"आरं, हाच सिनेमा हाय. आपण बघितला त्यो कापलेला व्हता!"

"आपलाच खरा व्हता."

जन्मभराचा वाद मी जिंकलो होतो आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मग सरळ सांगून टाकलं, "पोरगी आलीय. माझ्या घरी हाय."

"म्हाईत हाय. मुनिमानं सकाळीच रिक्षातून उतरताना बघितलं." तो रिमोटशी चाळा करत राहिला. "नात कुणावर गेलीय?"

"तुझ्यावर. नाक तर तुझंच."

मी त्याचा हात धरून ओढलं, शिव्या घातल्या, अखेर पाया पडायचंही बाकी ठेवलं नाही. तो सोफ्यावरून हलला नाही. मी चपला घालत होतो तेव्हा मागून म्हणाला, "तिला जेवू घाल. वरणावर तूप घालू नगं म्हणावं वहिनीला. करडीचं कच्चं तेल घालायला सांग, तिला तसंच लागतंय. आन मी सांगितलं म्हणून बोलू नगं."

इतका राग आणि इतकी कीव मला एकाच माणसाची कधी आली नव्हती.

घरी बायकोनं पान वाढलं आणि वरणावर तेलाची धार सोडली. त्याची मुलगी ताटाकडे बघत राहिली. आमच्याकडे असं कुणी खात नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"अप्पा येणार नाहीत ना?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणालो. तिनं ते वरण भातात कालवून सगळं संपवलं, पुन्हा मागून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली.