गाडी मुलाकडे आहे

यांच्या फौजेतल्या दोस्तांचं संमेलन यंदा रत्नागिरीत भरलं. सगळे निवृत्त आणि सगळे मोटारसायकलवाले. कुणी नगरहून, कुणी बेळगावहून, एकजण तर थेट इंदूरहून गाडी चालवत आला होता. आम्ही देवरूखजवळ राहणारे, इतक्या लांबून माणसं दारात आल्यावर न जाऊन कसं चालणार? तरी हे आठवडाभर नाहीच म्हणत होते. त्या दिवशी सकाळी मात्र स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. "चल गो, जाऊन येऊ." आम्ही एसटीने गेलो.

एका मंगल कार्यालयाच्या आवारात, तांबड्या मातीवर, गाड्या ओळीने उभ्या होत्या. बहुतेक बुलेट. हे फाटकातच थबकले. मी त्यांच्या कोपराला हात लावला, तेवढ्यात नगरच्या भाऊजींनी पाहिलं आणि धावत येऊन यांना कवटाळलं. दोघं एकाच वर्कशॉपमध्ये होते. क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर. निवृत्तीनंतर फोन बदलले, येणंजाणं तुटलं. गेल्या वर्षी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला तेव्हा पुन्हा गाठ पडली. मधल्या काळात आमच्या घरी काय झालं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"अरे, तू एसटीनं? तुझी गाडी कुठंय?"

हे म्हणाले, "मुलाकडे आहे. पुण्याला."

मी चमकून यांच्याकडे पाहिलं. आमचा मुलगा जाऊन पाच-सहा वर्षं झाली. याच गाडीवरून चिपळूणहून घरी येताना सावर्ड्याच्या पुढे तो खडीवर घसरला. गाडी यांनीच त्याला शिकवली होती. नंतर ती भंगारात दिली, आणि भंगारवाला नेत होता तेव्हा हे खोलीतून बाहेरसुद्धा आले नाहीत.

"टाकीवर बसवून हिंडवायचो त्याला," भाऊजी म्हणाले. "आता केवढा झाला असेल!"

"तुझ्यापेक्षा उंच आहे. दाढी ठेवलीय. ऐकत नाही कुणाचं."

भाऊजी हसले. हेही हसले. इतक्या वर्षांत यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. यांना बाजूला घेऊन विचारायचं मनात होतं, तेही राहून गेलं.

दुपारपर्यंत ते वाढतच गेलं. मुलाची पुण्याची नोकरी झाली, वाकडला फ्लॅट झाला, रविवारी गाडी पुसतो तेही झालं. मी बायकांच्यात बसले होते. बेळगावच्या वहिनींनी सहज विचारलं, "सून काय करते?" मी म्हटलं, "शाळेत शिकवते." माझ्याच तोंडून निघालं ते. मग सुनेचं माहेर गुहागरचं निघालं, तिला माझ्या हातचे घावणे आवडायला लागले. खोटं बोलतेय हे कळत होतं, पण थांबवत नव्हतं. तेवढा वेळ मी खरोखरच सासू होते.

जेवणाआधी, जे साथीदार आता नाहीत त्यांच्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. हे सावधानमध्ये, ताठ. गालावरून पाणी वाहत होतं आणि यांनी ते पुसलं नाही. शेजारच्या इंदूरवाल्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं असणार, जुन्या जवानांची आठवण झाली.

जेवणं झाली, गाड्या निघायला लागल्या. भाऊजी हेल्मेट चढवून, चालू गाडीवरूनच आमच्यापाशी आले. "मी पुण्यावरूनच जाणार. पोराचा पत्ता दे, रात्री त्याच्याकडेच टेकतो. बघू तरी, काकाला ओळखतो का!"

यांनी खिशातून फोन काढला. उगीच स्क्रीनवर बोट फिरवत राहिले. "त्याची शिफ्ट असते," म्हणाले. "घरी नसेल तो."

"मग सूनबाई असेल की!"

यांनी पुन्हा फोनवर नावं सरकवायला घेतली. मला बघवेना.

"भाऊजी," मी म्हटलं, "तो नाहीये. गेला तो. अपघातात."

भाऊजींनी गाडी बंद केली. काय चाललंय ते न कळून आजूबाजूच्यांनीही आपापल्या गाड्या बंद केल्या. हे माझ्याकडे वळले. "कशाला सांगितलंस गो? चाललं होतं ना बरं?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोसलं असतं.

भाऊजींनी यांना कार्यालयाच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा हे बोलत होते, मान खाली घालून, कुणाला तरी रिपोर्ट द्यावा तसं.

"मीच गेलो होतो ओळख पटवायला. तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता. झोपलाय असं वाटत होतं. पायात बूट एकच. दुसरा मी रस्त्यावर जाऊन शोधला. संध्याकाळपर्यंत शोधला, मिळाला नाही."

मी तांब्या तिथंच पायरीवर ठेवला. मुलाला घरी आणलं ते पूर्ण गुंडाळून. आईने बघू नये, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मला बघू दिलं नाही. तेव्हापासून मी त्याचा चेहरा नाही नाही तसा डोळ्यांसमोर आणला होता.

"हे मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही त्याचं नाव तरी घेऊ दिलंत का घरात?"

भाऊजी तोंड फिरवून रडत होते. त्या दिवशी ते गेलेच नाहीत, आमच्याबरोबर देवरूखला आले, दोन दिवस राहिले. जाताना यांना म्हणाले, "पुढच्या वेळी माझ्या मागं बस." यांनी मान हलवली, पण यांचं जाणं होईल असं मला वाटत नाही. ग्रुपवर आता आमच्याशी सगळे जपून बोलतात, आणि त्याचाच यांना त्रास होतो. "तेवढा एक दिवस होता तो तिथं," असं एकदा म्हणाले मला.

भांडी घासता घासता मध्येच मी विचारते, "चेहऱ्याला खरंच काही झालं नव्हतं ना हो?"

"नव्हतं," हे सांगतात. कितीही वेळा विचारलं तरी सांगतात.